अक्काच्या वहीतली अकरा पानं

माझी अक्का बंगळूरबाहेरच्या बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात कॉइल गुंडाळायची. विजेच्या मीटरच्या पोटात बसणारी, अंगठ्याएवढी, केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेची कॉइल. कंपनीची बस सकाळी सहाला आमच्या गल्लीच्या तोंडाशी यायची, त्यामुळे घरातला दिवस तिच्यासाठी सुरू व्हायचा आणि आम्ही बाकीचे त्या आवाजांवर हळूहळू जागे व्हायचो. आधी मोरीतल्या बादलीत पडणारी नळाची धार, मग आईच्या स्टोव्हचा फुसफुसाट, मग चित्रान्नाच्या फोडणीत तडतडणारे शेंगदाणे. लिंबू पिळल्याचा वास अंथरुणापर्यंत यायचा. मी डोक्यावरून चादर ओढून पडलेला असायचो. आई हळू आवाजात म्हणायची, "स्वल्प खाऊन जा की ग, नुसती कॉफी पिऊन काय जातेस?" आणि अक्का उंबऱ्यात चप्पल शोधता शोधता "सरी, सरी" म्हणत बाहेर पडायची. ती खाली उतरली की जिन्याच्या शेवटच्या पायरीची फळी वाजायची. ती फळी वाजली की मी पुन्हा झोपायचो.

चामराजपेटात आमचं घर वर आणि आप्पांचं दुकान खाली होतं. बटणं, हुक, चेन, दोऱ्याची रिळं, अस्तराचं कापड असं शिंप्यांना लागणारं सगळं तिथे मिळायचं. गल्लीत शिंपी पुष्कळ, त्यामुळे दिवसभर मशिनींची घरघर चालू असायची, आणि ती बंद पडली तरच काहीतरी बिनसलंय असं वाटायचं. आमचं घराणं कधीतरी सोलापूरकडून इकडे आलं म्हणतात. कधी आलं ते आप्पांनाही ठाऊक नव्हतं. घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर कन्नड, असा आमचा कारभार होता. पण उंबरा काही फार उंच नव्हता. जेवणाला आम्ही ऊट म्हणायचो, थोडं म्हणजे स्वल्प, बरं म्हणजे सरी, आमटीला सारू. पुण्याहून आईचे कुणी नातेवाईक आले की आमचं बोलणं ऐकून गालात हसायचे. अक्काला त्याचं काही वाटत नसे, उलट ती त्यांना मुद्दाम आणखी चार कन्नड शब्द ऐकवायची. मला मात्र फार लाज वाटायची. मी त्या पाहुण्यांसमोर पुस्तकातल्यासारखं मराठी बोलायला बघायचो आणि तोंडातल्या तोंडात अडखळायचो.

अक्का माझ्याहून चार वर्षांनी मोठी. ती कन्नड शाळेत शिकली, पीयूसी, म्हणजे बारावी, झाली आणि थांबली. तिनं थांबायचं आणि मी पुढे शिकायचं, हे कुणी बसून ठरवल्याचं मला आठवत नाही. ते ठरलेलंच होतं. तिनं त्याबद्दल कधी ब्र काढला नाही आणि मलाही कधी तिला विचारावंसं वाटलं नाही. मी इंग्रजी शाळेतून कॉलेजात गेलो, भौतिकशास्त्र घेतलं आणि दुसऱ्या वर्षाला असताना अव्हेन्यू रोडच्या फूटपाथवर, जुन्या पुस्तकांच्या ढिगात, मला ती कादंबरी सापडली.

तिचं नाव मी इथे लिहिणार नाही. ज्यांनी माझी व्याख्यानं ऐकली आहेत त्यांना ते पाठ असेल, बाकीच्यांना नाही कळलं तर बरंच आहे. इंग्रजीत होती, विज्ञानकथा होती, मुखपृष्ठ निम्मं फाटलेलं होतं. दूरच्या एका ओसाड चंद्रावर दिव्याची राखण करणारी एक बाई असते. तिथून यानं जातात ती दोन-दोन पिढ्यांतून एकदा. तिच्या उभ्या आयुष्यात एखादं यान दिसेल किंवा दिसणारही नाही, तरी दिवा विझू द्यायचा नाही, एवढंच तिचं काम. मी ती उभ्या उभ्या चाळायला लागलो आणि संध्याकाळी घरी आलो तो वेगळाच माणूस होऊन. जगात असंही लिहिता येतं हे मला तोवर माहीतच नव्हतं. पुढच्या महिन्याभरात मी ती चारदा वाचली. कॉलेजच्या कँटीनमध्ये आम्ही चारपाच पोरं बसायचो, त्यातल्या दोघांना लेखक व्हायचं होतं. मी त्यांना सांगायचो, लिहायचं असेल तर आधी हे वाचा. हे वाचल्याशिवाय पेन हातात धरू नका. हे वाक्य मला तेव्हाच सापडलं आणि नंतर आयुष्यभर मी तेच वापरलं. आता कळतं की त्या सांगण्यात मला एक वेगळंच सुख होतं. चांगल्या पुस्तकाची शिफारस करताना आपण त्या पुस्तकाच्या शेजारी उभे राहतो आणि जरा उंच दिसतो. स्वतः एक ओळ न लिहिता.

घरीही मी तेच करायचो. जेवताना आईला त्या चंद्राची गोष्ट सांगायचो. ती "बाई एकटीच? आणि खाते काय?" असं विचारायची आणि मी वैतागायचो. आप्पा ऐकल्यासारखं करून भातात सारू कालवत राहायचे. अक्का मात्र खरोखर ऐकायची. तिचा हात ताटात तसाच थांबायचा. "मग यान आलं का शेवटी?" तिनं एकदा विचारलं, तेव्हा मी म्हणालो, "ते महत्त्वाचं नाही, अक्का." ती म्हणाली, "त्या बाईला महत्त्वाचं असेल की."

अक्का बसमध्ये काहीतरी लिहिते, हे आम्हाला आधी बाहेरूनच कळलं. तिच्याबरोबर कामाला जाणारी यशोदा एकदा दुकानात अस्तर घ्यायला आली तेव्हा आप्पांना म्हणाली, तुमची सुमा रोज बसमध्ये मामाला पत्र लिहिते, एवढं काय लिहिते हो? आप्पा बुचकळ्यात पडले, कारण आम्हाला मामा नव्हताच. संध्याकाळी विचारलं तर अक्का नुसती हसली. आईनं दिवाळी अंक वाचून घेता घेता तिला मराठी लिहायला शिकवलं होतं. त्या मराठीतच तिनं वही भरायला घेतली होती. कन्नडमध्ये का नाही, असं मी नंतर एकदा विचारलं, तर म्हणाली, "कन्नडमध्ये लिहिलं असतं तर बसमधल्या सगळ्या बायकांनी खांद्यावरून वाचलं असतं की."

ती वही तिनं माझ्याकडे दिली तो रविवार होता. अवरेकाळूचे, म्हणजे पावट्याचे, दिवस होते. बंगळूरच्या थंडीत त्या शेंगा आल्या की घराघरात तेच शिजतं, आणि त्या दिवशी आईनं दाणे भिजवून, एकेक चिमटीत धरून साल काढून सारू केलं होतं. जेवणं झाली होती. आप्पा चटईवर आडवे झाले होते, गल्लीतल्या मशिनी सुट्टीमुळे गप्प होत्या. मी खिडकीत बसलो होतो. अक्का हात पुसत आली आणि पदराआडून वही काढून माझ्या मांडीवर ठेवली. निळ्या पुठ्ठ्याची, दोनशे पानी, कोपरे डब्याच्या तेलानं डागाळलेले.

"तू त्या पुस्तकाबद्दल सगळ्यांना सांगत असतोस ना," ती म्हणाली. "तसलंच काहीतरी आहे. म्हणजे तसलं नाही, पण… लिहिलंय थोडं. वाचशील?"

"गोष्ट आहे?"

"होय. मोठी झाली जरा. पूर्ण झाली परवा." मग थोडं थांबून म्हणाली, "कुणाला सांगू नकोस, आं. आधी तू वाच."

मला आनंद झाला, पण तो वहीचा नव्हता. माझ्याकडे लेखक सल्ला मागायला येऊ लागले, असा तो आनंद होता. मी लाल पेन्सिल काढली. तिला टोक केलं. हे सगळं इतकं स्वच्छ आठवतं की आज लिहितानाही ती खिडकीच्या चौकटीवर पडलेली पेन्सिलीची लाकडी सालपटं दिसतात.

गोष्ट अशी होती. एका कारखान्यात गिरिजा नावाची मुलगी कॉइल गुंडाळत असते. तिथे कामाच्या वेळी बोलायला बंदी आहे, सुपरवायझर कायम डोक्यावर उभा. म्हणून बायका ओठ न हलवता बोलायला शिकतात. हळूहळू गिरिजाच्या लक्षात येतं की तार गुंडाळताना जे बोललं जातं ते तारेत जाऊन बसतं. वेढ्यावर वेढा चढतो तसं बोलण्यावर बोलणं चढत जातं. कॉइल मीटरमध्ये जातात, मीटर गाड्यांत भरून कुठे कुठे जातात. लांबच्या एका गावात एक म्हातारा एकटा राहत असतो. एका दुपारी त्याच्या भिंतीवरच्या मीटरमधून एका पोरीचा आवाज येतो: "आज डब्यात काय आणलंस?" म्हाताऱ्याला वाटतं शेजारचं कुणीतरी विचारतंय. तो म्हणतो, "काही नाही ग, कालचाच भात." आणि मीटर क्षणभर गप्प होतो, ऐकल्यासारखा.

तिथे अकरावं पान संपत होतं. तिथपर्यंत मी शुद्धलेखनाच्या चुकांना गोल केले होते, स्वल्प आणि ऊट या शब्दांखाली रेघा मारल्या होत्या, आणि डब्याच्या वाक्यापुढे समासात लिहिलं होतं: विज्ञानकथेत हे कशाला? आणखी एका ठिकाणी लिहिलं होतं: तांब्याच्या तारेत आवाज साठत नाही. मग कुणीतरी खालून हाक मारली, बहुधा कॉलेजातला मित्र असेल, आणि मी वही मिटून उठलो. उरलेली संध्याकाळी वाचू म्हटलं. संध्याकाळी परीक्षेचा अभ्यास आठवला. दुसऱ्या दिवशी आणखी काहीतरी. वही माझ्या पुस्तकांखाली पडून राहिली.

तारेवर आवाज साठवणारी यंत्रं एके काळी खरोखरच होती. ती तार पोलादाची असायची, तांब्याची नव्हे, पण तारच. मी पुढे शिकवायला लागलो तेव्हा ते एका जुन्या पुस्तकात वाचलं आणि त्या दिवशी वर्गात चुंबकत्वाचा धडा मला नीट शिकवता आला नाही. अक्काला हे कुठून सुचलं असेल? तिनं तर ते कुठेही वाचलं नव्हतं.

आठवडा गेला, दहा दिवस गेले. अक्का काही विचारत नव्हती, पण कामावरून आली की एकदा माझ्या पुस्तकांकडे बघायची. शेवटी एका संध्याकाळी मी अभ्यासाला बसलो असताना ती माझ्यासमोर कॉफीचा लोटा ठेवून तिथेच उभी राहिली.

"वाचलीस?"

"हो," मी म्हणालो.

"सगळी?"

"हो ग. सगळी."

हे खोटं मी का बोललो, याचं उत्तर मला अजून नीट देता येत नाही. तिला वाईट वाटू नये म्हणून, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो. पण खरं म्हणजे मला ते प्रकरण लवकर संपवायचं होतं.

"मग? कशी वाटली?"

"चांगली आहे. म्हणजे प्रयत्न चांगला आहे."

"शेवट?"

"शेवटही बरा आहे."

ती माझ्याकडे बघत राहिली. तिला आणखी काहीतरी ऐकायचं होतं हे माझ्याही लक्षात आलं, आणि मला काही सांगता येत नव्हतं कारण माझ्याजवळ काही नव्हतंच. म्हणून मी जे माझ्याजवळ होतं ते पुढे केलं. उशाखालून ती कादंबरी काढली आणि तिच्या हातात दिली.

"अक्का, तुला लिहायचं असेल ना, तर आधी हे वाच. हे वाचल्याशिवाय काही उपयोग नाही. हे वाचलंस की तुझं तुलाच कळेल, काय कमी आहे ते."

"इंग्रजीत आहे की रे."

"डिक्शनरी घे माझी."

तिनं पुस्तक उलटंसुलटं करून बघितलं, फाटक्या मुखपृष्ठावरून अंगठा फिरवला. "सरी," म्हणाली. मग वही मागितली. मी ती दिली, लाल पेन्सिलीच्या खुणांसकट. त्या खुणा अकराव्या पानावर थांबतात हे माझ्या तेव्हा डोक्यातही आलं नाही.

पुढचे चार महिने अक्का ती कादंबरी वाचत होती. जाताना बसमध्ये आणि येताना बसमध्ये. अवरेकाळू संपले, उन्हाळा आला, गाड्यांवर आंबे दिसायला लागले, तरी तिचं वाचन चालूच होतं. अडलेले शब्द ती कंपनीच्या कामाच्या चिठ्ठ्यांच्या पाठीवर लिहून आणायची आणि जेवताना मला विचारायची. डेसोलेट म्हणजे? ओसाड. व्हिजिल म्हणजे? जागता पहारा. आई म्हणायची, "परीक्षा आहे का ग काही?" मला हे सगळं फार आवडायचं. बहिणीला मी घडवतो आहे असं वाटायचं. कँटीनमध्ये मी पोरांना सांगितलंसुद्धा, की माझी बहीण कारखान्यात कामाला जाते आणि बसमध्ये हे पुस्तक वाचते. लेखक होणारे दोघे तोवर तिसऱ्या प्रकरणाच्या पुढे गेले नव्हते. त्यांना लाज वाटावी म्हणून मी अक्काचा दाखला दिला. तिनं स्वतः एक कादंबरी लिहून ठेवली आहे, हे मात्र मी कुणाला सांगितलं नाही. तिनं सांगू नकोस म्हटलं होतं म्हणून नव्हे. मला ते सांगण्यासारखं वाटलंच नव्हतं.

पुस्तक तिनं परत केलं तेव्हा त्याला खाकी कागदाचं कव्हर घातलेलं होतं. सुटलेली पानं खळीनं चिकटवलेली होती.

"छान आहे," ती म्हणाली. "फार छान आहे रे. त्या बाईचं फार वाईट वाटलं मला."

"बघ, मी सांगितलं नव्हतं?"

"होय. असं लिहायला पाहिजे खरं म्हणजे." ती पदराच्या टोकाशी चाळा करत होती. "असं लिहायला फार शिकलेलं पाहिजे."

मी त्यावर काय म्हणालो असेन? नुसती मान हलवली. त्या एका मान हलवण्याचा विचार मी या वयात जितका करतो तितका आयुष्यातल्या दुसऱ्या कुठल्याही गोष्टीचा करत नाही. नाही ग, तुझं वेगळं आहे, एवढं म्हणायला काय लागलं असतं? पण तसं म्हणायला मी तिचं वाचलेलं असायला हवं होतं.

त्यानंतर बसमध्ये तिचं लिहिणं थांबलं. यशोदाच पुन्हा एकदा दुकानात म्हणाली, की सुमा आता पत्र लिहीत नाही, खिडकीला डोकं टेकून झोपते. आप्पा म्हणाले, बरं झालं, पोरीला तेवढीच विश्रांती. वर्षभरात तिचं लग्न ठरलं. मुलगा चामराजपेटातलाच, छापखान्यात कामाला, स्वभावानं गरीब. अक्का लग्नानंतरही कारखान्यात जात राहिली, पाठ धरेपर्यंत. दोन मुलं झाली, सासूचं आजारपण काढलं, नवऱ्याचंही काढलं. वही लग्नात तिच्या ट्रंकेतून गेली होती एवढं आईला आठवत होतं. पुढे घर बदलताना गेली की कुणी रद्दीत घातली, ते कुणालाच सांगता आलं नाही. मी पहिल्यांदा चौकशी केली तोवर फार उशीर झाला होता.

मी शिकवत राहिलो आणि शिफारस करत राहिलो. बंगळूरच्या मराठी मंडळींत माझं नाव झालं ते त्या एका कादंबरीमुळेच. विज्ञानकथेवर बोलायला कुणी हवं असलं की मला बोलावत. मी दोन तास बोलायचो आणि शेवटी तेच वाक्य. किती नवोदितांना मी ते पुस्तक वाचायला लावलं असेल याचा हिशेब नाही. त्यातल्या कुणाची कादंबरी कधी माझ्या हाती आली नाही. मला वाटायचं, पोरांत दम नाही.

गेल्या महिन्यात मारतहळ्ळीच्या एका मोठ्या सोसायटीत असाच कार्यक्रम होता. पुण्या-मुंबईची, नागपूरची आयटीतली मुलं, त्यांनी मिळून एक लेखनाचा गट केला आहे. क्लबहाऊसमध्ये खुर्च्या मांडलेल्या, काचेबाहेर पोरं पोहत होती. भाषण संपल्यावर तन्वी नावाची एक नागपूरची मुलगी पुढे आली. छातीशी लॅपटॉप धरलेला होता.

"सर, मी एक लिहितेय. साय-फाय टाइप आहे, पण ॲक्च्युअली माझ्या आजीबद्दलच आहे. थोडं वाचाल का तुम्ही? पंधराच पेजेस आहेत. की आधी तुम्ही म्हणता ते पुस्तक वाचून काढू?"

आणि मी म्हणालो, "आधी ते वाचा. मग तुमचं तुम्हालाच कळेल."

माझ्या तोंडून ते आपोआप गेलं. पाय घसरतो तसं. "ओके सर," ती म्हणाली. "आधी वाचते मग." तिनं अर्धा उघडलेला लॅपटॉप मिटला. त्याच्या मिटण्याचा आवाज अगदी बारीक होता. परत येताना ऑटोवाला वाहतुकीवर वैतागून कन्नडमध्ये काही बोलत होता, मी त्याला होय होय म्हणत होतो, आणि एका सिग्नलला माझ्या डोळ्यांतून एकदम पाणी यायला लागलं. ऑटोवाल्यानं आरशात बघितलं आणि बोलणं थांबवलं.

दुसऱ्या दिवशी मी गटाच्या संयोजकांकडून तन्वीचा नंबर घेतला आणि तिला लिहिलं, की पुस्तकाचं राहू द्या, तुमची पंधरा पानं पाठवा, मी सगळी वाचेन. तिनं तो निरोप वाचल्याच्या खुणा दिसतात. उत्तर अजून आलेलं नाही.

त्यानंतरच्या रविवारी मी अक्काकडे गेलो. ती आता लेकाकडे असते, आमच्या जुन्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे. सून बाजारात गेली होती. अक्का जमिनीवर पाय पसरून वर्तमानपत्रावर मेथी निवडत बसली होती. मी शेजारी स्टुलावर बसलो, इकडचं तिकडचं बोललो, तिच्या गुडघ्यांचं विचारलं. मग म्हणालो, "अक्का, ती तुझी गोष्ट. तिचा शेवट काय होता ग?"

"कुठली गोष्ट?"

"तू वहीत लिहिली होतीस ती. बसमध्ये."

"अय्यो, ती होय!" ती हसली. "काय की रे. किती वर्षं झाली."

"थोडंसुद्धा आठवत नाही?"

"कॉइलचं काहीतरी होतं. खरंच आठवत नाही. तू सांग की, तू वाचली होतीस ना."

म्हणून मी सांगायला लागलो. गिरिजा, सुपरवायझर, ओठ न हलवता बोलणाऱ्या बायका. मला सगळं आठवत होतं, वाक्यंच्या वाक्यं. अक्का म्हणाली, "होय, होय, आम्ही तस्सं बोलायचो, यशोदा तर नाकातून बोलायची." मेथी निवडणारे तिचे हात थांबले. तारेवर वेढे चढत गेले, मीटर लांबच्या गावी गेला, म्हातारा एकटा बसला, भिंतीतून आवाज आला, आज डब्यात काय आणलंस. अक्का तोंडावर हात ठेवून ऐकत होती, दुसऱ्याच कुणीतरी लिहिलेलं ऐकावं तसं. म्हातारा म्हणाला, काही नाही ग, कालचाच भात. आणि मीटर क्षणभर गप्प झाला, ऐकल्यासारखा.

मी थांबलो. अक्का वाट बघत होती.

"मग?" ती म्हणाली.

मी वर्तमानपत्रावरचं एक पान उचललं.

"मग पुढं काय झालं? सांग की."

"पुढचं मी वाचलं नव्हतं, अक्का. अकराच पानं वाचली होती."

तिनं माझ्याकडे बघितलं. खालच्या रस्त्यावरून भाजीवाला ओरडत गेला. तिनं मेथीची आणखी एक जुडी सोडली, मुळं मोडली, पानं खुडायला लागली.

"सगळी वाचली म्हणालास की."

"खोटं बोललो होतो."

"हं," ती म्हणाली. रागावली नव्हती. पानं खुडत राहिली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू होतास त्यात. पुढं यायचास. कॉलेजात जाणारा भाऊ होता एक, गिरिजाचा." तिनं देठ बाजूला टाकले. "काय करायचास ते मात्र आता आठवत नाही रे."